कन्व्हेयरचे ऑब्जेक्ट आणि स्कॅनमधला क्रम

भोसरी_पीएलसी: १२ कन्व्हेयरची गोल लाइन आहे, बाराव्यावरून बॉक्स परत पहिल्यावर येतो. पीएलसी (मशीन चालवणारा औद्योगिक संगणक) दर १० मिलिसेकंदांनी सगळा प्रोग्राम एकदा चालवतो, तो एक स्कॅन. स्ट्रक्चर्ड टेक्स्ट या पीएलसीच्या भाषेत प्रत्येक कन्व्हेयरचा फंक्शन ब्लॉक (स्वतःची स्थिती लक्षात ठेवणारा कोडचा तुकडा) केलाय, तो पुढच्या ब्लॉकची ‘जागा_आहे’ ही मेथड, म्हणजे त्या ब्लॉकमधलं फंक्शन, कॉल करतो. आधी कॉल १२ पासून १ पर्यंत होते. सहकाऱ्याने वाचायला सोपं जावं म्हणून १ ते १२ असे लावले, तेव्हापासून बॉक्स एकमेकांवर आदळतात. ब्लॉकमधली एक ओळही बदललेली नाही! पीएलसीवर ओओपी (असे ऑब्जेक्ट करून प्रोग्राम लिहिणं) चालतच नाही का?

लॅडरवाला: नकोच ते. रात्रपाळीच्या मेंटेनन्सवाल्याला लॅडर (रिले-सर्किटच्या आकृतीसारखी पीएलसी भाषा) कळते, मेथड नाही.

ठोका: ओओपीला कशाला दोष? पीएलसी भाषांच्या आयईसी ६११३१-३ या मानकात २०१३ पासून क्लास आणि मेथड आहेत. घोळ वेळेचा आहे. पहिला विचारतो तेव्हा दुसऱ्याचा या स्कॅनचा हिशेब झालेलाच नसतो, शिळं उत्तर मिळतं. थांबण्याचा निरोप बाराव्याकडून पहिल्यापर्यंत यायला ११ स्कॅन, म्हणजे ११० मिलिसेकंद. बेल्ट सेकंदाला अर्धा मीटर धावत असेल तर बॉक्स तोवर साडेपाच सेंटिमीटर पुढे.

ग्रेनोबलला १९८० च्या दशकात झालेली लस्टर भाषा बघाच. एका ठोक्यात, म्हणजे आपल्या एका स्कॅनमध्ये, सगळं एकदमच घडतं असं ती धरते. कोण कोणावर अवलंबून आहे ते पाहून क्रम कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) लावतो, आणि मागच्या ठोक्याची किंमत हवी तर ‘प्री’ लिहून मागावी लागते. तिच्यावर उभं राहिलेलं स्केड हे सॉफ्टवेअर बनवायचं साधन एअरबस ए३८० च्या फ्लाइट कंट्रोलसाठी वापरलं गेलं.

तुमच्या लाइनीत बारावा पुन्हा पहिल्यावर अवलंबून. असं चक्र लस्टर ठाम नाकारते, तुमचा कंपायलर मुकाट गिळतो. म्हणून कॉल परत १२ कडून १ कडे लावा. फक्त बाराव्याने पहिल्याचं जुनं उत्तर वाचावं, तेही ‘मागील_जागा’ अशा वेगळ्या व्हेरिएबलमधून, म्हणजे उशीर कुठे आहे ते कोडमध्ये दिसेल. मेथडने दुसऱ्या ब्लॉकची स्थिती फक्त वाचायची, बदलायची नाही.

भोसरी_पीएलसी: सगळ्यांनीच मागचं उत्तर वाचलं तर? क्रमाची कटकटच नको.

ठोका: क्रम सुटेल, पण ते ११ स्कॅन कायमचे पदरात पडतील. उशीर एकाच सांध्यावर ठेवा, जिथे दोन बॉक्समध्ये सगळ्यात जास्त अंतर असतं तिथे. तो सांधा वेगळा निघाला तर कॉलही तिथूनच सुरू करा. आणि इमर्जन्सी स्टॉप या साखळीतून अजिबात नेऊ नका, तो स्वतंत्र सेफ्टी सर्किटवरच हवा.