कळसूबाई उतरल्यावर मांड्यांची वाट, लॅक्टिक ॲसिड की अजून काही?

पायपीट_नाशिक: रविवारी बारीतून कळसूबाई केलं. चढताना जाम धाप लागली, शिड्यांवर थांबत थांबत गेलो पण पाय ठणठणीत, उतरताना तर गप्पा मारत आरामात आलो. सोमवारी जरा आखडल्यासारखं वाटलं आणि आज जिना उतरायचा तर कठडा धरून खेकड्यासारखा आडवा उतरतोय, इंडियन टॉयलेटचं तर बोलूच नका. मित्र म्हणतो लॅक्टिक ॲसिड साठलंय, लिंबूपाणी पी. पण मग रविवारी रात्रीच दुखायला हवं होतं ना? आणि दम चढताना लागला, तर उतरून मांड्या कशा काय गेल्या? शनिवारी हरिश्चंद्रगड ठरलाय, जाऊ का?

फिजिओवाली: लॅक्टिक ॲसिडला उगाच बदनाम केलंय लोकांनी. दमल्यावर वाढलेलं लॅक्टेट साधारण तासाभरात खाली येतं, हृदय ते इंधन म्हणून वापरतं, लिव्हर त्याची परत साखर करतं. मंगळवारपर्यंत कुठलं राहतंय!

गडबड उतरण्यातच आहे. मांडीवर पुढून हात ठेवा आणि एक पायरी अगदी हळू उतरा, जो पाय वरच्या पायरीवर राहतो त्याची मांडी कडक लागेल. गुडघा वाकतोय म्हणजे तो स्नायू लांब होतोय, आणि त्याच वेळी आवळून तुम्हाला धरूनही ठेवतोय, नाहीतर धपकन खाली याल. चढताना तोच स्नायू आवळून आखूड होतो. आतमध्ये ॲक्टिन आणि मायोसिनचे बारीक तंतू असतात, मायोसिन ॲक्टिनला पकडतं, ओढतं, सोडतं, परत पकडतं, असं चालू असतं. उतरताना ही पकड असतानाच वरून अख्ख्या अंगाचा भार ती ताणतो, शिवाय कामाला लागलेले स्नायूतंतू कमी, म्हणजे एकेकावर लोड जास्त. ऑक्सिजन कमी लागतो म्हणून आपल्याला वाटतं सोपं चाललंय. मग काही ठिकाणी आतली रचना विस्कटते, सूज येते, तिथल्या नसा हळव्या होतात, या सगळ्याला वेळ लागतो म्हणून दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि २४ ते ७२ तासांत कळसाला पोचतं.

जुना_भटक्या: हळदीचं दूध प्या, गरम पाण्याने शेका आणि पडून राहू नका, थोडं चालत राहा. आमच्या ग्रुपमध्ये मोठ्या गॅपनंतरच्या पहिल्या ट्रेकला सगळ्यांचे हेच हाल, पुढच्याला कोणी हूं की चूं करत नाही.

फिजिओवाली: शेकाने बरं वाटतं एवढंच, भरून यायला लागायचे ते दिवस लागतातच. पुढच्या ट्रेकचं मात्र अगदी खरंय काका, एकदा असा मार खाल्ला की तेवढाच उतार स्नायू नंतर बराच सोसतात, काही आठवडे तरी.

रात्रपाळीवाला_डॉक्टर: एक सांगतो, लघवी काळ्या चहासारखी झाली किंवा मांडी खूप सुजून ताकदच गेली तर शेकत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. स्नायू फार फाटले तर त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरून किडनीला त्रास देतं. आणि पाणी कमी प्यायलेलं असताना मनाने पेनकिलर नको.

पायपीट_नाशिक: लघवी नॉर्मल आहे, थँक्यू सगळ्यांना. शनिवारचं काय पण?

जुना_भटक्या: शुक्रवारी कठड्याला हात न लावता जिना उतरलास तर पाचनईकडून जा, सोपी वाट आहे. नळीच्या वाटेचं नावही काढू नकोस.