पॉवर चकमध्ये जॉब फिरतोय, गेज मात्र पूर्ण प्रेशर दाखवतो. जोर नेमका कुठे अडकून राहिला? (हिंगणा एमआयडीसी, नागपूर)

नमस्कार मंडळी,

चकवर, म्हणजे लेथवर जॉब (कापायचा पार्ट) धरणाऱ्या पकडीवर, काम केलेल्या जाणत्या लोकांची मदत पाहिजे. हिंगण्याला आमचं छोटं युनिट आहे, ट्रॅक्टरच्या पार्टचं जॉबवर्क करतो, दोन सीएनसी टर्निंग आणि एक जुना हाताचा लेथ. प्रॉब्लेम एका सीएनसीवर आहे. ८ इंची तीन जबड्याचा हायड्रोलिक चक, मधून आरपार होल असलेला, वेज (पाचर) टाइप. जॉब म्हणजे बीडाची (ओतीव लोखंडाची) बुश, भिंत पातळ, ओडी (बाहेरचा व्यास) दुसरीकडून रफ टर्न होऊन येते आणि आम्ही ओडीवर सॉफ्ट जॉमध्ये (जॉबच्या मापाला कापून घेतलेल्या मऊ जबड्यांमध्ये) धरून बोअर (आतलं भोक) फिनिश करतो.

होऊन काय राहिलं तर आरपीएम वाढवला की काही जॉब जबड्यातल्या जबड्यात फिरतात. सगळे नाही. एकाच ट्रेमधले काही घट्ट राहतात आणि काही सरकतात, ओडीवर चमकदार गोल रेघ उमटते आणि बोअरला टेपर येतो कारण जॉब मागे ढकलला जातो. प्रेशर गेज पाहिला तर काटा जागचा हलत नाही, जेवढं सेट केलं तेवढंच. ऑपरेटर म्हणतो प्रेशर वाढवू, पण वाढवलं की बुश दबते आणि चक उघडल्यावर बोअर तीन कोनी होऊन बाहेर येतो. वरून साध्या दोन टोकाच्या मायक्रोमीटरने पाहिलं तर हा दोष दिसतच नाही, कुठूनही मापलं तरी माप सारखंच येतं, तीन पॉइंटचा बोअर गेज घातला तेव्हाच समजलं. म्हणून प्रेशर वाढवणे हा उपाय मला नको आहे, कृपया तो सोडून सांगा.

मला समजून घ्यायचं आहे ते असं की सिलेंडरपासून जबड्यापर्यंत जोर पोचतो कसा आणि वाटेत कमी होतो तर कुठे.

हाताच्या लेथचा चक मला चांगला माहीत आहे, तो उघडून साफ करतच मी शिकलो. चावी फिरवली की छोटा बेव्हल पिनियन फिरतो, तो स्क्रोल प्लेटच्या मागचे दाते फिरवतो, प्लेटच्या पुढच्या तोंडावर गोल गोल चढत जाणारा आटा असतो आणि जबड्याचे दाते त्यात बसलेले असतात. प्लेट एक फेरा फिरली की तिन्ही जबडे एक पिच आत येतात किंवा बाहेर जातात. जबड्यांवर १, २, ३ काहून लिहिलेलं असतं तेही तिथंच कळतं, आटा एकच असल्यामुळे १२०-१२० अंशावर तो पिचच्या एक तृतीयांशाने पुढे गेलेला असतो, नंबर चुकवून बसवले तर जबडे मधोमध येणारच नाहीत. त्यात एक फार चांगली गोष्ट अशी की चावी काढली तरी चक सैल होत नाही, स्क्रोलचा चढ इतका कमी असतो की जबड्याने कितीही रेटलं तरी प्लेट उलटी फिरत नाही. आणि शेवटची पकड हाताला कळते. चावीवर किती जोर लागला, मधे कचरा अडकला का, दाते घासले का, सगळं मनगटाला समजतं.

पॉवर चकमध्ये हे काहीच हाताला लागत नाही हो. मागे फिरता सिलेंडर, तिथून ड्रॉ ट्यूब स्पिंडलच्या पोटातून पुढे येते, चकमधल्या प्लंजरला ओढते, प्लंजरवर तिरप्या खाचा आहेत, त्यात मास्टर जॉचे (चकमधला मूळ जबडा, सॉफ्ट जॉ याच्यावर कसतात) तिरपे हूक बसलेत. प्लंजर मागे गेला की तिरप्या खाचेमुळे मास्टर जॉ मधे सरकतो. म्हणजे लाकूड फोडायच्या पाचरीसारखंच, लांब सरकून थोडंसं हलवायचं आणि त्या बदल्यात जोर वाढवून घ्यायचा. इथपर्यंत माझी समजूत बरोबर आहे ना? मग गेज सांगतो ते प्रेशर सिलेंडरमधलं, जॉबवरचा जोर तो सांगत नाही, हे मला पटतं, पण या दोन्हीच्या मधे नेमकं काय काय बिघडू शकतं याची कोणी नीट माहिती देईल का.

आतापर्यंत पाहिलेल्या गोष्टी : ड्रॉ ट्यूबचा आटा सैल नाही. सॉफ्ट जॉचे बोल्ट टॉर्कने कसलेले, टी-नट चकच्या बाहेर निघालेले नाहीत. रनआउट (फिरताना मध्यापासून होणारा हेलकावा) ठीक. ग्रीस रोज मारायला सांगितलेलं आहे, पण आपल्याकडे मे महिन्यात शेडमध्ये काय गरमी असते ते नागपूरवाल्यांना वेगळं सांगायला नको, इतवारीतून आणलेलं साधं ग्रीस पातळ होऊन उडून जातं की काय अशी शंका आहे.

घाई यासाठी की मशीनवर आयटीआयमधून आलेली अप्रेंटिस पोरं उभी राहतात. आज जॉब सरकला, उद्या सुटून उडाला तर दरवाजाची काच त्याला थांबवेलच असं नाही. जोपर्यंत कारण कळत नाही तोपर्यंत आरपीएम कमी ठेवून चालवून राहिलो, सायकल टाइम वाढला तरी चालेल. ग्रिप फोर्स मोजायचा मीटर आमच्याकडे नाही, त्याच्याशिवाय तपासायची काही युक्ती असेल तर तीही सांगा.

प्रतिसाद, बुटीबोरीहून :

भाऊ, पहिले आरपीएमचं पाहा. बाहेरून धरलं की जबडे स्वतःच्या वजनाने बाहेर पळायला पाहतात, आणि हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे आरपीएम दीडपट केला तर सव्वादोनपट होतो. समजा मास्टर जॉ आणि सॉफ्ट जॉ मिळून वजन १.२ किलो आणि त्याचा गुरुत्वमध्य सेंटरपासून ७० मिमीवर, तर २५०० आरपीएमला एका जबड्यामागे साधारण ५.८ किलोन्यूटन, तिघांचे मिळून १७. तेच ३५०० ला नेलं तर तिघांचे ३४ च्या आसपास. पातळ जॉब म्हणून तुम्ही प्रेशर कमी करून ४० किलोन्यूटनवर धरलं असेल तर ३५०० ला हातात राहिले किती? सहा. त्यात कटिंगचा जोर सहन करायचा. सॉफ्ट जॉ उंच आणि जाड ठेवायची सवय असते सगळ्यांना, नको तेवढं मटेरियल काढून हलके करा, फरक पडतो. आतून धरायचा जॉब असेल तेव्हा हेच गणित उलटं होतं, वेग वाढला की पकड वाढते, पण तुम्हाला तर बोअरच करायचा आहे त्यामुळे ते इथे कामाचं नाही.

प्रतिसाद, मेंटेनन्सवाला :

दादा, तुमची समजूत बरोबर आहे, त्यात फक्त आकडे भरतो म्हणजे वाटेत किती जातं ते दिसेल. ८ इंची वेज चकमध्ये प्लंजरचा स्ट्रोक (पूर्ण सरकण्याचं अंतर) १६ मिमी आणि जबड्याचा प्रवास व्यासावर ७.४ मिमी, हे बऱ्याच चकचं माप आहे, तुमच्या मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. म्हणजे एक जबडा ३.७ मिमी सरकतो. १६ भागिले ३.७ केलं की ४.३ येतं. घर्षण शून्य असतं तर ड्रॉ ट्यूबच्या ओढीच्या ४.३ पट जोर तिन्ही जबड्यांवर मिळून आला असता. अशा चकला जास्तीत जास्त ओढ ३५ किलोन्यूटनच्या जवळपास असते, त्याचे १५० व्हायला पाहिजेत. कंपनी लिहून काय देते? ८६. म्हणजे नव्या, चांगलं ग्रीस घातलेल्या चकमध्येसुद्धा चाळीस टक्क्यांच्या वर जोर तिरप्या खाचेच्या आणि जबड्याच्या गाइडच्या घर्षणातच जातो. आता विचार करा, ग्रीस धुऊन गेलं आणि त्याच्या जागी बीडाची भुकटी आणि कूलंट मिळून चिखल बसला तर ८६ चे किती उरतील. गेजला यातलं काही कळत नाही.

ग्रीस साधं नको. चकचं ग्रीस वेगळं मिळतं, मोलिब्डेनम वगैरे घातलेलं, दाबाखाली टिकणारं आणि पाण्याने न निघणारं. निपलमधून मारल्यावर जॉब न लावता चक काही वेळा उघड-बंद करायचा, नाहीतर ते खाचेपर्यंत पसरत नाही, निपलपाशीच बसतं. पोरं निपलला गन लावतात आणि लगेच जॉब चढवतात हे मी जागोजागी पाहिलं आहे. आणि चक उघडून सफाई साधारण सहा महिन्यांतून एकदा धरतात, पण बीड कापणाऱ्यांनी दोन महिन्यांतून करावी.

पण तुम्ही लिहिलं की काही जॉब फिरतात आणि काही नाही, ते वाचून माझा संशय दुसरीकडे जातो. खराब ग्रीसने सगळेच जॉब सारखे ढिले झाले असते. तुम्ही स्ट्रोक पाहा. प्लंजर किंवा सिलेंडर शेवटाला टेकत असेल तर प्रेशर पूर्ण चढेल, गेज पूर्ण दाखवेल, आणि सगळा जोर सिलेंडरच्या स्वतःच्या झाकणावर जाईल, जॉबपर्यंत येणारच नाही. मीटरशिवाय तपासायचं असं. जबड्याच्या बाहेरच्या बाजूला डायल (बारीक सरकणं मोजणारा गेज) लावा, जॉब धरून वाचन घ्या, मग जॉब काढून रिकामाच बंद करा आणि परत वाचा. जबडा जितका पुढे गेला तितका स्ट्रोक शिल्लक होता. पकड स्ट्रोकच्या मधल्या भागात यायला पाहिजे, शेवटच्या अर्ध्या मिमीत नाही. दुसरी एक तपासणी, प्रेशर अगदी खाली आणा आणि रिकामा चक किती प्रेशरला हलायला लागतो ते लिहून ठेवा. सफाईच्या आधी आणि नंतर. तो आकडा खाली आला तर तेवढं घर्षण कमी झालं. हे करताना स्पिंडल बंद आणि हात जबड्यापासून लांब, पोरांना करायला देऊ नका.

मूळ लेखक :

दोघांचेही मनापासून आभार, मेंटेनन्सवाल्या दादांनी सांगितलेलं लगेच करून पाहिलं आणि तिथंच सापडलं. जॉब धरलेला असताना आणि रिकामा, दोन्ही वाचनात फरक एका बाजूला ०.३ मिमी. म्हणजे जबडा जवळपास शेवटाला जाऊनच पकडून राहिला होता. सॉफ्ट जॉ आहेत, रनआउट मिळवायला त्यांना अधूनमधून हलका कट मारावाच लागतो, प्रत्येक कटला जबड्याचा गोल थोडा मोठा होतो आणि जॉब पकडायला जबडा आणखी आत यावा लागतो. त्यात आता आलेल्या लॉटची रफ ओडी आधीच्या लॉटपेक्षा एक मिमीच्या आसपास कमी, ट्रेमध्ये दोन्ही लॉट मिसळलेले. मोठे जॉब धरून राहत होते, बारीक ओडीवाल्यांना जबडा टेकून उरलासुरला जोर मिळत होता आणि आरपीएम वाढला की तोही जात होता. म्हणूनच काही फिरत होते आणि काही नाही.

जबडे सेरेशनवर (मास्टर जॉ आणि सॉफ्ट जॉ एकमेकांत बसवणारे बारीक दाते) एक दाता आत घेतले. आमच्या चकचं सेरेशन १.५ मिमी पिचचं आहे, तिन्ही जबडे मोजून एकाच दात्यावर बसवले, मग मागे रिंग धरून, कामाच्याच प्रेशरवर परत बोअर केले. नवीन वाल्यांसाठी लिहितो, रिंग न धरता जबडे बोअर केले तर मास्टर जॉमधला ढिलेपणा एका बाजूला आणि जॉब धरल्यावर दुसऱ्या बाजूला जातो, मग गोल आणि मध्य दोन्ही बिघडतात. आता शिल्लक स्ट्रोक एका बाजूला दीड मिमीच्या वर येऊन राहिला. दोन लॉट वेगळे केले आणि ओडी तपासूनच ट्रे भरायला सांगितलं. जॉब सरकणं थांबलं.

त्याच वेळी चकही उघडला. प्लंजरच्या तिरप्या खाचेत काळा चिखल होता, ग्रीस नावाला. साफ करून चकचं ग्रीस घातलं, आणि रिकामा चक आता आधीपेक्षा बऱ्याच कमी प्रेशरला हलतो. स्ट्रोक सुटला नसता तर नुसत्या सफाईने काम झालं नसतं, पण सफाईमुळे मला सेट प्रेशर थोडं खालीही आणता आलं, आणि तीन कोनी बोअरचं प्रमाण कमी झालं.

कमी झालं, पूर्ण गेलं नाही. म्हणून पुढचा प्रश्न इथंच विचारतो. पातळ बुशला तीन जबड्यांऐवजी जवळपास पूर्ण गोल पकडणारे रुंद सॉफ्ट जॉ बनवायचा विचार आहे. पण रुंद म्हणजे वजनदार, आणि बुटीबोरीवाल्या भाऊंनी दिलेला हिशोब पाहता वजन वाढलं की वेगात पकड जाणार. अ‍ॅल्युमिनियमचे बनवले तर वजन साधारण एक तृतीयांश होतं, पण त्याचे सेरेशनचे दाते बीडाच्या धुळीत किती दिवस टिकतात? कोणी वापरले असतील तर अनुभव लिहा, किती आरपीएमला चालवता तेही लिहा.

आणि हिंगणा, वाडी, बुटीबोरी, कळमेश्वर या भागात कोणाकडे ग्रिप फोर्स मीटर असेल तर एक दिवसासाठी भाड्याने द्याल का, मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि संध्याकाळी परत आणून देईन. चक फिरता असताना प्रत्यक्ष किती जोर उरतो ते आकड्यात पाहिल्याशिवाय मला त्या पोरांना ३००० च्या वर आरपीएम लावू द्यायचा नाही.