रक्तदाबाची गोळी सुरू असताना हार्मोनचा उपचार घ्यावा का?

प्रश्न (जुळे सोलापूर) :
माझ्या मोठ्या जाऊबाई ५२ वर्षांच्या असून त्यांची पाळी जाऊन दोन वर्षे झाली आहेत. अंगातून गरम वाफा येतात, रात्री घामाने कपडे भिजतात आणि झोप मोडते. इथल्या उन्हाळ्यात तर त्यांचे हाल पाहवत नाहीत. स्त्रीरोगतज्ज्ञांनी इस्ट्रोजेनची गोळी सुचवली आहे, परंतु त्यांना पूर्वीपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे. अशा वेळी हार्मोन घेणे सुरक्षित आहे का?

उत्तर १ :
ताई, रक्तदाब आटोक्यात असेल तर केवळ त्या कारणाने हा उपचार नाकारावा लागत नाही. खरा मुद्दा हार्मोन कोणत्या मार्गाने दिले जाते हा आहे. गोळीतील इस्ट्रोजेन आतड्यातून प्रथम यकृतात पोहोचते आणि तेथे अँजिओटेन्सिनोजेन हे प्रथिन अधिक तयार होऊ लागते. त्यापासून पुढे बनणारे घटक रक्तवाहिन्या आकुंचित करतात आणि शरीरात मीठ व पाणी धरून ठेवतात. त्वचेवर लावायचा पॅच किंवा जेल मात्र यकृताचा हा पहिला टप्पा टाळतो. कॅनडातील अल्बर्टा प्रांतातील १,१२,२४० स्त्रियांच्या नोंदींवर आधारित अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गोळी घेणाऱ्यांमध्ये उच्च रक्तदाब जडण्याचा धोका त्वचेवाटे इस्ट्रोजेन घेणाऱ्यांपेक्षा १४ टक्के अधिक आढळला. नोंदींवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे खरे, तरीही डॉक्टरांना पॅच किंवा जेलविषयी अवश्य विचारा.

उत्तर २ :
त्यांचे गर्भाशय काढलेले नसेल, तर नुसते इस्ट्रोजेन देत नाहीत. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग टाळण्यासाठी सोबत प्रोजेस्टेरॉन लागते. स्तनाचा कर्करोग, पायात रक्ताची गुठळी किंवा पक्षाघात यांपैकी काही पूर्वी झाले असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे.

प्रश्नकर्ती :
गर्भाशय आहे आणि यांपैकी कोणताही आजार झालेला नाही. मात्र रक्तदाब फक्त दवाखान्यात गेल्यावरच मोजला जातो.

उत्तर १ :
मग उपचार सुरू करण्यापूर्वी आठवडाभर घरी मोजा. पाच मिनिटे शांत बसून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून, सकाळी व संध्याकाळी दोन-दोन वेळा मोजून आकडे लिहून ठेवा. सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक आली, तर आधी रक्तदाबाच्या औषधाचा विचार व्हावा. जेवणातील शेंगा चटणी, लोणचे आणि पापड यांतले मीठही याच काळात कमी करून पाहावे. हार्मोन सुरू झाल्यावरही मोजणे चालू ठेवा आणि रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करू नका.