कॉपिसिंग: तोड आणि आयुष्य

'दर काही वर्षांनी झाडं तोडायची आणि वर त्याला संवर्धन म्हणायचं' हा कॉपिसिंगवरचा आक्षेप मला पटत नाही. कॉपिसिंगमध्ये झाड जमिनीलगत कापतात, मुळं जिवंतच राहतात आणि बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात. इंग्लंडच्या सफक परगण्यातलं ब्रॅडफील्ड वूड्स पाहा. एके काळी बरी सेंट एडमंड्सच्या मठाच्या मालकीचं असलेलं हे रान १२५२ पासून याच पद्धतीने राखलं जातंय. तिथे अ‍ॅशच्या झाडाचा एक बुंधा पाच मीटरहून जास्त रुंद आहे, वय अंदाजे हजार वर्षं! एरवी अ‍ॅश दोनशे-तीनशे वर्षांत संपतो. म्हणजे याला एवढं आयुष्य मिळालं तेच कुऱ्हाडीमुळे. मधे पोकळ झालेला, शेवाळलेला, आणि कडेने सरळसोट कोवळे दांडे. बघताना एक झाड आहे असं वाटतच नाही.

तोडलेल्या पट्ट्यात ऊन पोचलं की पुढच्या एक-दोन वसंतांत प्रिमरोझ, ऑक्सलिप भरभरून फुलतात. खरा धोका हरणांचा. कोवळे फुटवे ती खाऊन टाकतात, म्हणून नव्या तोडीला कुंपण लागतं. चर्चा व्हायला हवी ती त्यावर. साठच्या दशकात याच रानाचा मोठा तुकडा शेतीसाठी मुळासकट उखडला गेला. तो नाश होता, ही तोड नव्हे.