मुलांच्या कपड्यांवरचा चावट मजकूर : छापणारे, विकणारे, शिवणारे, शाळेतले – जाणकारांनी लिहा

संयोजक

दोन वर्षांच्या मापाच्या टीशर्टवर 'लेडी किलर'. चार वर्षांच्या मुलीच्या फ्रॉकवर 'हॉट स्टफ'. बारशाच्या आहेरात आलेल्या झबल्यावर 'लॉक अप युअर डॉटर्स'. हे शोभतं का, यावर मत प्रत्येकाकडे असतंच, त्यामुळे नुसतं मत नको. जे या कामात आहेत त्यांनी लिहावं. असा मजकूर कपड्यावर येतो कुठून, अडवायचा कुठल्या टप्प्यावर, आणि घरात आलाच तर करायचं काय? स्वतःच्या कहाण्या बाजूला ठेवा, कामाची माहिती द्या.

स्क्वीजी

कुणीतरी मुद्दाम बसून बाळांसाठी असला मजकूर लिहितं, असा समज आहे. तसं होतंही, पण जास्त करून मोठ्यांचं डिझाइन तसंच्या तसं लहान मापात उतरतं. ऑर्डर आल्यावर छापून देणाऱ्या ऑनलाइन धंद्यात विक्रेता एकच फाइल चढवतो. सॉफ्टवेअर तीच फाइल टीशर्ट, हुडी, मग, उशी आणि बाळाचा रॉम्पर या सगळ्यांवर बसवून फोटो तयार करतं. लहान मुलांच्या वस्तूंसमोरची टिक काढायची राहिली की बॅचलर पार्टीचा विनोद सहा महिन्यांच्या मापात विक्रीला लागतो. माल अजून बनलेलाच नसतो, त्यामुळे माणसाची नजर पडायचीही संधी नसते. २०१३ साली 'सॉलिड गोल्ड बॉम्ब' या अमेरिकी कंपनीचे 'कीप कॅल्म अँड…' साच्यातले टीशर्ट ॲमेझॉनवर दिसले, त्यात बलात्काराची भाषा होती. शब्दांच्या याद्या जुळवून संगणकाने हजारो वाक्यं बनवली होती आणि ती कुणी वाचलीच नव्हती.

तमिळनाडूतल्या तिरुपूरसारख्या, होजिअरी कपडे बनवणाऱ्या ठिकाणच्या स्क्रीन छपाईचा क्रम वेगळा. खरेदीदाराकडून आर्टवर्क येतं, प्रत्येक रंगाची वेगळी फिल्म निघते, प्रत्येक फिल्मची वेगळी स्क्रीन. मग कापडाच्या तुकड्यावर नमुना छापून मंजुरीला जातो, त्याला स्ट्राइक-ऑफ म्हणतात. मजकूर बदलायचा तर तो तिथपर्यंतच. एकदा माल छपाईला लागला आणि प्लॅस्टिसोल शाई १६० अंशांच्या आसपास भाजली गेली की परतीचा रस्ता नाही. नमुना तपासणारा बघतो ते रंग जुळला का, छपाई गळ्यापासून नीट अंतरावर आहे का, ताणल्यावर चिरते का. अर्थ बघायचं काम त्याच्याकडे नसतं, आणि खरं म्हणजे कुणाकडेच नसतं. मंजुरीच्या कागदावर 'मजकूर वाचला, अर्थ समजला' अशी एक ओळ आणि सही घातली तर खर्च शून्य. सही करायची म्हटलं की माणूस वाचतो.

आणखी एक. मोठ्या मापाचं आर्टवर्क लहान मापात बसवताना मधले जोडणारे छोटे शब्द बारीक होतात आणि मोठे शब्द तेवढे दिसतात. पूर्ण वाक्य निरुपद्रवी, पण चार फुटांवरून वाचलं जातं ते वेगळंच. बटणपट्टी, खिसा आणि डुंगरीचा पुढचा तुकडा हेही शब्द कापतात. नमुना टेबलावर पसरून बघू नका, पुतळ्यावर चढवून लांबून वाचा.

गठ्ठा-किरकोळ

दुकानाच्या बाजूने सांगतो. एक्स्पोर्ट सरप्लस माल गठ्ठ्याने येतो. त्यात माप, रंग आणि नग मोजून मिळतात, मजकूर निवडून मिळत नाही. परदेशी ऑर्डरमधला जादा माल, रद्द झालेला माल, किरकोळ खोट असलेला माल सगळा एकत्र. विकणारा माप विचारतो, घेणारा भाव विचारतो. आजी कापड आणि रंग बघून घेतात, मजकूर घरी गेल्यावर सून वाचते आणि दुसऱ्या दिवशी बदलून मागायला येते.

गठ्ठा फोडल्यावर मापाचे ढीग लावतो तेव्हाच प्रत्येक डिझाइनचा एक नग पूर्ण उघडून वाचावा. एका डिझाइनचे नग सारखेच असतात, त्यामुळे वेळ फार जात नाही. खटकणारं डिझाइन असेल तर २८ च्या खालची मापं बाजूला काढा. किशोरवयीन मापात जे खपतं ते झबल्यावर खपवू नका.

गिऱ्हाइकाने काय बघावं? घडी घातलेल्या टीशर्टचा वरचा अर्धाच भाग दिसतो, म्हणून घडी उघडायला लावायची. पाठ बघायची, वाक्याचं उत्तर पाठीवर असतं. हुडीच्या टोपीची आतली बाजू आणि पायजम्याचं बूडही बघायचं. बुडावर अक्षरं असतील तर शब्द कितीही साधा असो, घेऊ नये, कारण नजर तिथे नेणं हाच त्या छपाईचा हेतू. ऑनलाइन घेताना पाठीचा फोटो नसेल तर प्रश्न विचारण्याच्या जागी विचारा, उत्तर आलं नाही तर सोडून द्या. मोबाईलच्या कॅमेऱ्याने भाषांतर केलं तर सरळ अर्थ मिळतो, बाजारू अर्थ निसटतो. संशय आला तर तो शब्दप्रयोग अवतरणचिन्हांत टाकून शोधा.

निवांत

सहा महिन्यांच्या बाळाला काय कळतंय? घरच्यांची गंमत आहे, जरा हसा की.

बालवाडीताई

@निवांत, बाळाला कळत नाही हे खरंच. पण भोवतालच्यांना कळतं आणि ते त्या मजकुराला प्रतिसाद देतात. 'फ्लर्ट' लिहिलेला टॉप घातलेली तीन वर्षांची मुलगी आली की कुणीतरी म्हणतं, "डोळा मारून दाखव गं." ती दोन्ही डोळे मिटते, सगळे हसतात, म्हणून ती पुन्हा मिटते. दहाव्या वेळेला ती न सांगता करते, तेही अनोळखी माणसासमोर. पुढे पहिली-दुसरीत मुलं अक्षरं जुळवून वाचायला लागतात, तिसरी-चौथीत वर्गातल्या एखाद्याला अर्धा अर्थ कळतो आणि चिडवाचिडवी सुरू होते. ज्याच्या अंगावर टीशर्ट आहे त्याला मात्र अजून काहीच कळलेलं नसतं.

अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या कार्यगटाने मुलींच्या लैंगिकीकरणावर २००७ मध्ये अहवाल दिला, त्यात कपड्यांचाही विचार आहे. शरीराबद्दलची लाज, खाण्याच्या तक्रारी, नैराश्य यांच्याशी संबंध दाखवला आहे. मात्र त्यातलं बरंचसं संशोधन महाविद्यालयीन तरुणींवरचं आहे. एका टीशर्टने मूल बिघडतं असा अर्थ कुणी काढू नये.

मी पालकांना एक साधी चाचणी सांगते. तो मजकूर मुलाच्या तोंडी घाला आणि घरातल्या मोठ्यांसमोर, खणखणीत आवाजात म्हणा. 'आजीचा लाडका', 'पप्पांची परी', 'झोप आली' हे बिनदिक्कत म्हणता येतं. जे म्हणताना आवाज खाली जातो ते घेऊ नये.

शाळेत गणवेशामुळे रोज अडचण नसते. ती येते वाढदिवसाला, सहलीला आणि 'रंगांच्या दिवशी'. सूचनेत 'सभ्य कपडे घालून पाठवा' असं लिहिलं की वादाला तोंड फुटतं, कारण सभ्यता प्रत्येकाची वेगळी. 'मजकूर नसलेला, एकरंगी टीशर्ट' असं लिहा. कार्टून चालेल की नाही तेही लिहा. तरी एखादं मूल तसं आलंच तर त्याला काही बोलायचं नाही. टीशर्ट उलटा करून घालायला सांगायचा, किंवा वर्गाच्या कपाटातला जादा टीशर्ट द्यायचा. २२, २६ आणि ३० मापाचे दोन-दोन साधे टीशर्ट ठेवले की बालवाडी ते चौथी भागतं. पालकांशी सुटताना एकट्याला गाठून बोलायचं. फोटो काढून व्हॉट्सॲप गटावर टाकणाऱ्या शिक्षकांनी मूळ टीशर्टपेक्षा मोठं नुकसान केलेलं असतं.

लेस्टरवाली

ब्रिटनमध्ये हे कसं हाताळलं ते लिहिते. एप्रिल २०१० मध्ये प्रायमार्क या कपड्यांच्या दुकानसाखळीने सात वर्षांच्या मुलींच्या मापाची पॅड लावलेली बिकिनी गदारोळानंतर मागे घेतली. पुढच्या वर्षी सरकारने मदर्स युनियन या ख्रिस्ती संस्थेच्या रेग बेली यांच्याकडून बालपणाच्या व्यापारीकरणाचा आढावा करून घेतला, तो जून २०११ मध्ये आला. त्याच सुमारास ब्रिटिश रिटेल कन्सॉर्टियम या दुकानदारांच्या संघटनेने मुलांच्या कपड्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. मजकूर आणि चित्र वयाला साजेसं हवं, लैंगिक सूचक किंवा हिणवणारं नको, छपाईची जागाही बघावी, असं त्यात आहे. कायदा नाही, दुकानांनी आपणहून पाळायचं. तरी उपयोग होतो, कारण तक्रार करताना 'मला आवडलं नाही' याऐवजी 'तुमच्याच तत्त्वात बसत नाही' असं लिहिता येतं.

चावट नसलेला पण मुलींना कमी लेखणारा मजकूरही यातच धरावा असं मला वाटतं. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेत जेसी पेनी या दुकानसाखळीने मुलींचा एक टीशर्ट काढून घेतला, त्यावरच्या ओळीचा आशय असा की मी इतकी सुंदर आहे की गृहपाठ माझा भाऊ करतो. अॅबरक्रॉम्बी या अमेरिकी कपड्यांच्या कंपनीने २००२ मध्ये लहान मुलींच्या मापाच्या थाँगवर (तोकड्या अंतर्वस्त्रावर) 'आय कँडी' आणि 'विंक विंक' छापलं होतं, त्यापुढे हे सौम्यच, पण सौम्य म्हणूनच जास्त खपतं.

कलमवाला

भारतात मुलांच्या कपड्यांवरच्या मजकुरासाठी वेगळा कायदा नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ अश्लील साहित्याच्या विक्रीबद्दल आहे आणि २९५ मुलाला ते विकण्याबद्दल. पण 'चिक मॅग्नेट' (पोरींना खेचणारा) त्यात बसवायला गेलात तर टिकणार नाही. अश्लीलतेची पातळी खूप वरची आहे, आचरटपणा म्हणजे अश्लीलता नव्हे. पोलिसांकडे धावण्याआधी हे लक्षात घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये लॉरेन्स बिश्नोईचे फोटो छापलेल्या टीशर्टच्या ऑनलाइन विक्रीवरून महाराष्ट्र सायबर या राज्याच्या सायबर पोलीस विभागाने गुन्हा नोंदवला, पण तिथे मुद्दा गुंडांच्या उदात्तीकरणाचा होता.

ग्राहक म्हणून मार्ग जास्त सोपा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार संकेतस्थळाला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. तक्रारीत वस्तूची लिंक, विक्रेत्याचं नाव, कुठल्या वयाच्या मापात आहे त्याचा स्क्रीनशॉट आणि नेमकी मागणी लिहा: 'मुलांच्या विभागातून काढा'. 'कारवाई करा' या मागणीला साचेबंद उत्तर येतं. दाद नाही मिळाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. दुकानातला माल असेल तर लेबलवर उत्पादकाचा किंवा आयातदाराचा पत्ता बघा, दुकानदाराशी भांडण्यापेक्षा तिथे लिहिलेलं बरं.

सगळाच सूचक मजकूर एका मापाने मोजता येत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या दोन शाळकरी मुलींनी स्तनकर्करोगाच्या जागृतीसाठी 'आय लव्ह बूबीज' लिहिलेले मनगटपट्टे घातले. शाळेने बंदी घातली, प्रकरण संघीय अपील न्यायालयात गेलं आणि २०१३ मध्ये निकाल मुलींच्या बाजूने लागला. शब्द द्व्यर्थी असला तरी तो सामाजिक प्रश्नावर बोलत असेल तर शाळेला रोखता येत नाही, असं न्यायालयाने धरलं. त्या मुलींनी पट्टे स्वतः निवडले होते, अर्थ कळून. झबल्याचा प्रश्न इथे निराळा होतो.

शिवणटिपण

आता घरात आलेल्याचं काय. आहेरातला कपडा टाकवत नाही, कापडही बऱ्याचदा चांगलं असतं. आधी छपाई कुठली ते ओळखा. नखाने कड उचलली जाते आणि रबरी थर लागतो ती विनाइल (कापून चिकटवलेली प्लॅस्टिकची अक्षरं) किंवा डीटीएफ (फिल्मवर छापून उष्णतेने चिकटवलेली). जाडसर, ताणल्यावर बारीक भेगा पडणारी ती प्लॅस्टिसोल. हाताला काहीच लागत नाही आणि कापड पॉलिएस्टर आहे ते सब्लिमेशन, त्यात रंग धाग्यातच असतो.

विनाइल निघतं. वर बटर पेपर ठेवा, वाफ बंद, इस्त्री सुतीच्या खुणेवर, १० ते १५ सेकंद दाबा, गरम असतानाच चिमट्याने कोपरा ओढा. गोंद राहिला तर तपकिरी कागद ठेवून पुन्हा इस्त्री, कागद गोंद शोषतो. पॉलिएस्टर टीशर्टवर हा प्रयोग नको, कापडाला चकाकी येते. आणि टीशर्ट बऱ्याच धुण्यांचा असेल तर अक्षरांखालचं कापड न विटलेलं राहतं, छपाई काढूनही शब्द वाचता येतो. मग झाकण्यावाचून पर्याय नाही. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, शाई पसरते आणि टीशर्टचाही रंग सुटतो.

प्लॅस्टिसोल आणि सब्लिमेशनवर सरळ ठिगळ. होजिअरीवर होजिअरीच लावा, जुन्या टीशर्टचा तुकडा उत्तम. साधं सुती कापड ताणत नाही, त्यामुळे भोवती चुण्या पडतात. अक्षरांपेक्षा चारी बाजूंनी १ सेंटीमीटर मोठा तुकडा, कोपरे गोल, कारण चौकोनी कोपरे धुण्यात उचलतात. मागून मऊ चिकटणारं अस्तर इस्त्रीने लावा, बॉलपॉइंट सुई ११ नंबरची, झिगझॅग २ ते २.५ मिलिमीटर रुंद. फिक्या ठिगळाखालून गडद अक्षरं दिसतात, तिथे दोन थर घ्या. आतली टीप बाळाच्या छातीला घासते, तिच्यावरही अस्तराचा तुकडा चिकटवा. बटणं, मणी किंवा गोंडे लावून झाकायचा मोह आवरा, ते सुटून तोंडात जातात.

स्क्वीजी

@शिवणटिपण, भरतकामातली अक्षरं असतील तर?

शिवणटिपण

उलट्या बाजूने सुरू करा. आधी मागचं अस्तर सोडवा, मग खालचा पांढरा दोरा दर चार-पाच टाक्यांनी उसवणीने कापत जा, पुढचा रंगीत दोरा आपोआप ढिला होतो. पुढून उसवाल तर होजिअरीचा धागा तुटून भोक पडेल. सुईची बारीक छिद्रं राहतात, सुती विणीत ती धुऊन बरीचशी मिटतात. दाट भरलेलं अक्षर असेल तर नादी लागू नका, ठिगळच लावा.