‘इंडस्ट्रियल क्वार्टर’ला मराठीत काय म्हणाल?

गोदाकाठ:
मँचेस्टरच्या अँकोट्स भागावरच्या एका प्रवासलेखाचा अनुवाद करतेय. रॉचडेल कालव्याला लागून विटांच्या उंचच उंच सूतगिरण्या आहेत. मरे बंधूंच्या गिरणीचं बांधकाम 1798 मध्ये सुरू झालेलं. पुढे सुताचा धंदा बसला, इमारती ओस पडल्या आणि आता तिथेच फ्लॅट, बेकऱ्या, हॉटेलं आलीत. लेखिका दिवसभर पायी भटकते, एवढाच लेख. मूळ शब्द ‘रीजनरेटेड इंडस्ट्रियल क्वार्टर’. मी लिहिलं, ‘पुनरुज्जीवित औद्योगिक वसाहत’. घरी वाचून दाखवलं, तर सासरे (सगळी नोकरी इथे नाशिकला, सातपूरच्या कारखान्यांत) म्हणाले, ‘वसाहतीत कोण फिरायला जातं? वॉचमन गेटवरच अडवेल.’ आता काय करू?

सातपूरकर:
सासऱ्यांना नमस्कार सांगा, बरोबर बोलले. औद्योगिक वसाहत म्हणजे एमआयडीसी, आणि तीही चालू. 1962 ला महामंडळ झालं तेव्हापासून हा शब्द पाट्यांवर आहे, तोंडात मात्र कुणाच्याच नाही. आम्ही ‘कंपनीत’ जातो. ‘कारखाना’ म्हटलं की निफाडकडच्या माणसाला साखरेचाच दिसतो. ‘गिरणी’ म्हणाल तर बायको दळणाचा डबा हातात देईल. आणि एकदा पडलेलं नाव हलत नाही. मायको कंपनीचं नाव 2008 मध्ये बॉश झालं, पण रिक्षावाल्याला आजही मायको सर्कलच सांगावं लागतं.

बिटकोपॉइंट:
‘क्वार्टर’ तसाच ठेवू नका एवढीच विनंती. नाशिकरोडला क्वार्टर दोनच प्रकारची, एक नोटांच्या प्रेसची आणि दुसरी 180 मिलीची.

कोशकीटक:
थट्टा पुरे. आपल्याच गावात तांबट आळी आहे. धंद्याचं नाव आणि पुढे आळी, अशी सरळ मराठी घडण डोळ्यांसमोर असताना इंग्रजीच्या दारात कशाला उभं राहायचं? ‘गिरणी आळी’ म्हणा. ‘रीजनरेटेड’साठी ‘जीर्णोद्धारित’.

सातपूरकर:
आळीत हातगाडी शिरायची मारामार, आणि तुम्ही तिथे सहा-सात मजली सूतगिरण्या बसवताय. जीर्णोद्धार तर देवळाचा होतो. बेकरीचा जीर्णोद्धार कधी ऐकलाय?

कोशकीटक:
विहिरीचा होतो, घाटाचा होतो, तलावाचा होतो. पत्रिकेवर छापलेलं तेवढंच तुम्ही वाचता, त्याला मी काय करणार!

गोदाकाठ:
भांडू नका हो. वर्तमानपत्रं अशा ठिकाणी ‘कात टाकली’ लिहितात, तो पर्याय मीही घासून पाहिला. पण अर्थ नेमका उलटा पडतो. कात टाकली की साप तोच, कातडी नवी. इथे विटांची कातडी जुनी, साप बदललेला. ‘कायापालट’चंही तेच, काया तर त्यांनी जपूनच ठेवलीय.

परळ_ते_इंदिरानगर:
इतकी शोधाशोध कशाला? ‘गिरणगाव’ आहे की. पण जपून वापरा. आमचे वडील गिरणीत होते, 1982 च्या संपानंतर आम्ही नाशिकला आलो. गिरणगाव म्हणजे नुसत्या गिरण्या नव्हेत. चाळी, खाणावळी, भजनी मंडळं, पाळी सुटल्यावर रस्त्यावर लोटणारी माणसं, हे सगळं मिळून गिरणगाव. फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला, त्याला आम्ही ‘पुनर्विकास’ म्हणतो, आणि तो शब्द उच्चारताना तोंड कडूच होतं. बिल्डरांनी तर लोअर परळचं ‘अप्पर वरळी’ करून टाकलं. तुमच्या त्या अँकोट्समध्ये कामगार राहायचे का? नसतील राहत तर गिरणगाव म्हणू नका.

गोदाकाठ:
राहायचे ना! गिरण्यांना चिकटूनच दाटीवाटीच्या घरांच्या रांगा होत्या. इटालियन लोकांची वस्तीही होती, आइस्क्रीम करून विकणाऱ्यांची. ‘गिरणगाव’ आवडला, पण वाचकाला थेट मुंबई दिसेल ही भीती आहे.

परळ_ते_इंदिरानगर:
दिसू दे की. मुंबईच्या गिरण्यांतली यंत्रं लँकेशायरचीच होती.

कांदाचाळ:
उशिरा आलो. मँचेस्टर निघालंच आहे तर एक सांगतो. ‘मांजरपाट’ हा शब्द मँचेस्टरवरूनच आलाय. मँचेस्टरचा पाट, म्हणून मांजरपाट. आमची आजी सांगायची.

कोशकीटक:
आजीबद्दल आदर आहे, व्युत्पत्तीबद्दल नाही. जुना उच्चार ‘मादरपाट’. आंध्रात नरसापूरजवळ मादापोलम नावाचं गाव आहे, तिथे ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती. त्या गावावरून कापडाचं नाव पडलं आणि इंग्रजीतही ते ‘मादापोलम’ म्हणूनच गेलं. आपण त्यात मांजर घुसवलं. आणि नरसापूर गोदावरीवर आहे बरं का. तेव्हा तुमचं मांजर मँचेस्टरचं नाही, आपल्याच नदीच्या दुसऱ्या टोकाचं आहे.

सातपूरकर:
हे मात्र झकास. पण ‘वखार’ म्हणालात म्हणून विचारतो. वखार म्हणजे लाकडाची ना?

कोशकीटक:
आज लाकडाची. सुरतेची वखार शाळेत शिकलात ती कशाची होती? कंपनीचे इंग्रज तिलाच ‘फॅक्टरी’ म्हणायचे. तिथे काही बनत नसे, फॅक्टर म्हणजे कंपनीचा अडत्या, तो बसायचा आणि माल साठायचा.

बिटकोपॉइंट:
म्हणजे फॅक्टरी म्हणजे वखार, वखार म्हणजे लाकडं, कारखाना म्हणजे साखर आणि गिरणी म्हणजे दळण. आणि सातपूरला चालते ती कंपनी. ताई, लेख कधी द्यायचाय?

गोदाकाठ:
काल द्यायचा होता. तूर्तास ‘जुन्या सूतगिरण्यांचा परिसर’ असं लिहून धाडलंय. ‘रीजनरेटेड’ शब्दच गाळला, वाक्य फोडून ‘आता तिथे पुन्हा वर्दळ असते’ केलं.

कोशकीटक:
‘परिसर’! शाळेच्या वार्षिक अहवालातला शब्द.

कांदाचाळ:
मला अजून मँचेस्टरच पटतंय. गावोगाव विलायती कापडच यायचं, आंध्रातलं कोण आणणार होतं? आजोबांच्या बंड्या मांजरपाटाच्याच असायच्या, उन्हात वाळल्या की पत्र्यासारख्या कडक.

परळ_ते_इंदिरानगर:
बंडी की कोपरी? आमच्याकडे बाह्या असल्या की कोपरी म्हणतात, नसल्या की बंडी.

सातपूरकर:
आमच्याकडे नेमकं उलटं.