मदत हवी आहे: स्वप्न 'पडतं' की आपण ते 'पाहतो'?

नमस्कार मंडळी, 'स्वप्न' या शब्दावर थोडं लिहायचं आहे आणि एका जागी अडले आहे.

मूळ संस्कृत धातू 'स्वप्', म्हणजे झोपणे. संस्कृतात 'स्वप्न'चा अर्थ झोप असाही होतो. 'सुषुप्ती' त्याच धातूची, आणि लॅटिनमधला झोपेचा शब्द 'सोम्नुस' याच कुळातला. मराठीत मात्र झोपेचा अर्थ मागे पडून झोपेत दिसलेलं तेवढं उरलं.

माझी खरी अडचण क्रियापदाची आहे. झोपेतलं स्वप्न 'पडतं', पाऊस पडावा तसं, आपल्या हातात काही नसताना. (मला हा प्रयोग फार सुंदर वाटतो.) पण घराचं, शिक्षणाचं स्वप्न आपण 'पाहतो' किंवा 'रंगवतो'. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' या म्हणीत तर ते दिसतं.

आकांक्षा या अर्थाने 'स्वप्न पाहणे' मराठीत जुनं आहे का, की हिंदी-इंग्रजीच्या प्रभावाने आलं? जुन्या लेखनातलं उदाहरण आठवत असेल तर कृपया संदर्भासह सांगा. आणि तुमच्या बोलीत 'सपान' पडतं, की त्याला दुसरं क्रियापद लागतं?